एका अँटेनेचा रिसीव्हर

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. जमिनीवरून आलेला हुकूम ऐकून तो मोटारीला कळवायचा, हे माझे काम; थोडक्यात, मी खेळातल्या विमानाचा कान. माझ्या महागड्या भावंडांना दोन अँटेना असतात. एकीला ऐकू आले नाही, तर दुसरी ऐकते. मला एकच. कारखान्याने या काटकसरीला 'सुटसुटीत रचना' असे भारदस्त नाव दिले होते.

मला एका जावयाने विकत घेतले. विमान मात्र त्याच्या सासऱ्यांचे. हात थरथरू लागले असतानाही त्यांनी हलक्या लाकडाची एकेक फासळी घासून पंख उभे केले होते. यापुढे असे काम आपल्याच्याने होणार नाही, हे ते स्वतःच सांगत.

मला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकच अँटेना? जावईबापू, पैसे गेले कुठं?"

"रंगात, मामा! लांबून कसं उठून दिसेल बघा. रिसीव्हर पोटात असतो, तो कुणाला दिसतोय?"

"मेंदूसुद्धा कुणाला दिसत नाही," आतून त्यांची लेक नवऱ्याला म्हणाली. "म्हणून तर तुझं निभावतंय!"

मग जावयाने ट्रान्समीटरशी, म्हणजे जमिनीवरून हुकूम सोडणाऱ्या हातातल्या पेटीशी, माझी ओळख करून दिली. माझ्या बनावटीत एक गोम आहे: ओळख होताना त्या पेटीवरची, मोटारीचा वेग ठरवणारी स्टिक जिथे असेल, तीच आज्ञा आम्ही संपर्क तुटल्यावर पाळतो. स्टिक तळाला, म्हणजे बंदवर, हवी होती; ती मध्यावर होती. जावई त्या वेळी नव्या रंगाचा फोटो काढण्यात गुंतला होता.

मैदानावर विमान सुरेख चढले. सासरे हसले. दूरच्या वळणावर माझी अँटेना बॅटरीच्या आड गेली आणि मला ऐकू येईनासे झाले. मोटार थांबती, तर विमान तरंगत गवतात उतरले असते. मी शिकवल्याबरहुकूम तिला अर्ध्या वेगाने चालू ठेवले. विमान मैदान ओलांडून गोदामाच्या भिंतीवर आदळले.

"भंगार माल!" जावई ओरडला.

सासरे फासळ्यांचे तुकडे रुमालात गोळा करत होते. "स्वस्तातला होता, बहिरा झाला. समजलं. पण मोटार चालू ठेवायला त्याला कुणी शिकवलं?"

जावयाने एक तुकडा उचलून त्यांच्या रुमालात ठेवला. मग म्हणाला, "आपण नवं करू, मामा."

"तुम्ही करा. मी बघत बसेन."

मित्रांनो, स्वस्त वस्तू घेण्यात गुन्हा नाही. तिची उणीव जाणून न घेण्यात आहे. विमानाचा पुढचा पंखा काढा, ते जमिनीवर घट्ट धरा, मोटार चालू करा आणि मग ट्रान्समीटर बंद करा. मोटार थांबली नाही, तर त्या दिवशी विमान उडवू नका.