आज रात्री की नंतर

गिरिधरचे सण दोन तऱ्हेचे होते. एक पंचांगातले. त्यांची आठवण त्याची आई वसंता मैलापूरहून फोन करून द्यायची, आणि तरी तो विसरायचा. दुसरे फोनवाल्या कंपन्यांचे. ते त्याला कुणी सांगावे लागत नसत. अजून कारखान्यातून बाहेरही न पडलेल्या फोनचे कुणीतरी चोरून काढलेले फोटो त्याच्याकडे येऊन पडत, आणि अंबत्तूरच्या ऑफिसातून वेलचेरीच्या घरी पोचेपर्यंत त्याचा आणि त्याचा मित्र वेंकटचा वाद चांगला रंगलेला असे. कॅमेरे तीन की चार, कडा गोल की सपाट, नवी सिस्टीम आधी कुणाला मिळणार. जेवायला बसला की उरलेला वाद तो कीर्तीला ऐकवी. बायको वरण वाढते आहे की पिठलं, याचा त्याला पत्ता नसे.

"बाजारात तुरी," कीर्ती म्हणे. पुढची भट-भटणीची गोष्ट तिच्या मिरजेच्या माहेरी पुरी करत. इथे अर्ध्यावर भागे, कारण गिरिधर तंजावरच्या मराठ्यांचा, आणि त्याला ही म्हण तिनेच शिकवली होती.

"पण या वेळची तूर वेगळी आहे, कीर्ती," तो म्हणे.

"दरवर्षी वेगळीच असते."

साडेचार वर्षांची सहाना मध्येच विचारी, "अप्पा, गुलाबी येणार?" गुलाबी येणार असं कळलं की तिचं समाधान होई.

कीर्तीला फोनचं वेड नव्हतं. तिला फोनची धास्ती होती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सहाना सारखी पाणी प्यायला लागली, वाळत गेली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की तिचं शरीर इन्सुलिन तयार करत नाही, आता ते बाहेरूनच द्यावं लागेल. तेव्हापासून पोरीच्या दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवलेली असे. ती चकती अंगातल्या साखरेचा आकडा सतत कीर्तीच्या फोनवर पाठवी. आकड्याशेजारी एक तीर असे. आडवा असला तर ठीक, खाली वळला तर काळजी, आणि आकडा सत्तरच्या खाली गेला की फोन बोंब मारी. गिरिधरच्या फोनवरही तो दिसे, पण कीर्तीच्या फोनवरून पुढे गेलेला. मूळ तो तिच्याकडे. भाजी परतताना, दळण आणताना, अगदी दात घासतानासुद्धा तिची नजर त्या आकड्यावर जाऊन येई. दुधावर लक्ष ठेवणाऱ्या बाईची जाते तशी.

म्हणून तिने घरात एक नियम केला होता. तिच्या फोनला कुणी हात लावायचा नाही आणि त्यात नवं काही घालायचं नाही. आकडा दाखवणाऱ्या ॲपवाल्यांनी स्वतःच कळवलं होतं, फोनची नवी सिस्टीम आली तरी आम्ही तपासून सांगेपर्यंत घेऊ नका. पण फोन ऐकेना. गेला महिनाभर रोज सकाळी त्याच्यावर एक चौकट उगवे: नवी आवृत्ती तयार आहे. खाली दोन बटणं, 'आज रात्री' आणि 'नंतर'. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत दोन ओळी. दूध उतरवलं, गॅस बंद केला, की कीर्ती 'नंतर' दाबायची. देवाला फूल वाहावं इतकं ते अंगवळणी पडलं होतं. बारीक अक्षरं ती केव्हाच वाचेनाशी झाली होती.

गिरिधरने दोनतीनदा विषय काढला होता. "या आवृत्तीत एक गोष्ट अशी आहे ना, की—"

"तुझ्या फोनवर काय हवं ते कर. माझ्या नाही."

तो पुन्हा कॅमेऱ्यांकडे वळे. तिला वाटे, बरं झालं.

नवरात्र आलं तशी वसंताअम्मा नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांची पेटी घेऊन दहा दिवस राहायला आल्या. त्यांची मराठी कीर्तीला लग्नानंतर सहा महिने नीट कळत नव्हती. शब्द जुने, हेल तमिळ, आणि मधेमधे आख्खी वाक्यं तमिळ. आता तीच बोली तिला गोड वाटे. नवमीच्या सकाळी अम्मांनी बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर पाट मांडला आणि घरभर फिरून आयुधं गोळा केली. गिरिधरचा लॅपटॉप, कात्री, पकड, सहानाची चित्रांची पुस्तकं, विळी. प्रत्येकाला चंदन, त्यावर कुंकू. एकदा पाटावर ठेवलं की दुसऱ्या दिवशी पुनःपूजा होईपर्यंत कुणी त्याला शिवायचं नाही. अभ्यास करायचा नाही, हत्यार उचलायचं नाही. तो दिवस त्यांचा. सहानाला हा नियम फार आवडला.

मग अम्मा कीर्तीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"अम्मा, हा नको," कीर्ती म्हणाली. "यात सहानाचा आकडा आहे."

"म्हणूनच मागतें, कण्णा. पोरीला राखतो कोण? हाच ना? मग कात्रीला कुंकू आणि ह्याला नोको?"

शेवटी तडजोड झाली. फोन पाटावर ठेवायचा, पण आकडा वर दिसेल असा उताणा. बॅटरी संपू नये म्हणून वायर लावून ठेवायची. बोंब मारायची त्याला मुभा. फक्त हात कुणी लावायचा नाही. अम्मांनी काचेच्या वरच्या कोपऱ्यात, आकडा झाकणार नाही अशा बेताने, चंदनाचा टिळा लावला. शेजारी बोट टोचून साखर मोजायच्या यंत्राची काळी पिशवीही त्यांनी ठेवली. कीर्तीने ते पाहिलं आणि राहू दिलं. आकडा तर समोर दिसतच होता.

त्या सकाळीही चौकट आली. टिळ्याच्या खाली, समईच्या उजेडात. कीर्तीचा हात सवयीने पुढे झाला आणि अम्मांच्या डोळ्यांकडे पाहून मागे आला. चौकट थोडा वेळ तशीच राहिली, मग आपली आपण लहान होऊन वर जाऊन बसली. आकडा पुन्हा दिसू लागला. एक दिवस नाही दाबलं तर काय होतंय, असं तिने मनाला सांगितलं.

दुपारी जेवायला वडे, पायसम, लिंबाचा भात. सहानाचं जेवणाआधीचं इंजेक्शन कीर्तीने नेहमीच्या हिशोबाने दिलं, पण पोरगी सकाळपासून नैवेद्याच्या हरभऱ्यांवर हात मारत होती. तिने अर्धं ताट टाकलं आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. इंजेक्शन पूर्ण ताटाच्या हिशोबाचं होतं; कीर्तीच्या मनात ते अर्धं ताट राहिलं. ती पाटाजवळ भिंतीला टेकून बसली. एकशे अठ्ठावीस, तीर आडवा. गिरिधर आतल्या खोलीत घोरत होता. बाहेर हवा कोंदलेली, पाऊस येऊ की नको असा रेंगाळलेला. पंखा फिरत होता. दुपारी कधी न झोपणाऱ्या कीर्तीचा डोळा लागला.

जाग आली ती कसल्याशा शांततेने. समई तशीच जळत होती. फोनची काच काळी होती. टिळ्याच्या खाली कंपनीची खूण आणि तिच्याखाली एक पांढरी रेघ, मुंगीच्या पावलाने पुढे सरकणारी. आकडा नव्हता. तीर नव्हता.

तिने फोन उचलला. पूजा मोडली हे तिच्या लक्षातही आलं नाही. बटण दाबलं, धरून ठेवलं. रेघ आपल्याच चालीने सरकत राहिली.

"अम्मा, तिच्या कपाळाला हात लावून बघा."

वसंताअम्मांनी हात लावला आणि तो परत घेतला नाही. "घाम," त्या म्हणाल्या. "थंड."

काळी पिशवी पाटावर होती, तिच्यावर फुलं आणि अक्षता. कीर्ती एक पळभर थबकली असेल नसेल, तेवढ्यात अम्मांनीच वाकून फुलं बाजूला केली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"घे. देवाला मी सांगतें."

सहानाचं बोट टोचलं तेव्हा ती नीट जागी झाली नाही, नुसती कुरकुरली. यंत्राने अठ्ठावन्न दाखवलं. कीर्तीने हाक मारण्याआधीच गिरिधर दारात होता. आवाजाने उठला असावा. फ्रिजमधून रसाचा पुडा आणला, नळी खुपसली आणि पोरीच्या ओठाला लावली. सहाना डोळे मिटूनच चोखू लागली. मग तिघं नुसती बसून राहिली. अशा वेळी साखर वर चढायची वाट पाहायची असते. थोड्या वेळाने पुन्हा टोचलं, ब्याऐंशी. सहानाने डोळे उघडून विचारलं की आज पुस्तकाला हात लावायचा नाही, मग माझ्या बोटाला कसा चालतो. अम्मा हसल्या, आणि हसताहसता पदराने डोळे पुसले.

पोरीने पुढ्यात दिलेला वडा खायला घेतला तेव्हा कीर्ती नवऱ्याकडे वळली. आवाज तिने चढवला नाही.

"तूच केलंस ना? मी झोपलेली पाहून."

"नाही."

"महिनाभर तुझा जीव त्यातच अडकलाय. उतावळा नवरा."

"कीर्ती, मी हात लावलेला नाही."

तिचा विश्वास बसला नाही. तेवढ्यात फोन जागा झाला. नवे रंग, नवी घड्याळाची अक्षरं. मराठी तिनेच निवडली होती, त्यामुळे पुढचं वाचायला तिला कुणाची गरज पडली नाही. 'आपल्याकडून उत्तर न मिळाल्यामुळे, फोन चार्जिंगवर आणि वापरात नसताना नवी आवृत्ती बसवण्यात आली.' म्हणजे बारीक अक्षरांत हेच लिहिलेलं असणार. रोज 'नंतर' दाबलं म्हणून ते टळत होतं. आज कुणी शिवलं नाही. तिने ॲप उघडलं. या आवृत्तीवर हे ॲप अजून तपासलेलं नाही, असं म्हणून ते मिटलं.

तिने फोन गिरिधरपुढे धरला. माफी मागायची तर शब्द मोठा वाटत होता, न मागायची तर लहान.

ते वाचून गिरिधर उठून आत गेला आणि कपाटातून त्याचा गेल्या वर्षीचा फोन घेऊन आला. दरवर्षी तो जुना फोन देऊन नवा घेई. या वर्षी दिला नव्हता, तेव्हा चांगला भाव यायची वाट पाहतोय असं कीर्तीने धरून चाललं होतं. फोन पूर्ण चार्ज होता. त्याने त्याच ॲपमध्ये कीर्तीचं नाव घातलं, फोन सहानाच्या दंडाजवळ नेला आणि तसाच धरून बसला. थोड्या वेळाने काचेवर आकडा उमटला. चौऱ्याण्णव. तीर आडवा.

"हा जुन्या सिस्टीमवर ठेवलाय मुद्दाम," तो म्हणाला. "असं कधी झालं तर असावा म्हणून."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगायला गेलो की तू म्हणतेस, तुझ्या फोनवर कर."

मग तो, एरवी तीन कॅमेऱ्यांवर तासभर बोलणारा माणूस, अडखळत बोलू लागला. पावसाळ्याआधी एकदा ऑफिसात त्याच्या फोनवर आकडा एकशे दहावर दिसत होता. किती छान, म्हणून तो चहा घेऊन आला, तरी एकशे दहाच. वेंकटने काही विचारलं, त्याने उत्तर दिलं, तरी एकशे दहाच. मग त्याच्या लक्षात आलं की आकडा स्थिर नाही, बंद आहे. कीर्तीच्या फोनने बॅटरी वाचवायला ॲप झोपवलं होतं. तो लिफ्टसमोर उभा राहून तिला फोन लावत राहिला. तिने उचलला आणि म्हणाली, आम्ही झोपाळ्यावर आहोत, सगळं ठीक आहे, कशाला केलास? त्याने सांगितलं, सहजच.

"नव्या आवृत्तीत म्हणे एखादं ॲप झोपवायचंच नाही, असं ठरवून देता येतं. ॲपवाल्यांना चारदा लिहिलंय, तुम्ही कधी तयार होणार. म्हणतात, लवकरच. म्हणून मी दर बातमी बघतो. येणारा प्रत्येक फोन आधी त्यासाठीच बघतो."

"आणि कॅमेरे? कडा?"

गिरिधर जरासा हसला. "ते मला आवडतात. ते वेगळं."

कीर्तीने त्याच्याकडे पाहिलं. दीड वर्ष तिला वाटत आलं होतं की या घरात काळजी करणारी ती एकटीच, आणि हा आपला खेळण्यांत रमलेला. तोही दुधावर लक्ष ठेवून होता. फक्त त्याचं पातेलं तिला दिसत नव्हतं.

"पुढच्या वेळी सहजच म्हणू नकोस," ती म्हणाली.

वसंताअम्मा इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी जुना फोन गिरिधरच्या हातातून घेतला, कोपऱ्यात चंदन लावलं, त्यावर कुंकू लावलं, आणि पाटावर न ठेवता कीर्तीच्या हातात दिला.

"ह्याला हात लावलेला चालतो," त्या म्हणाल्या. "ह्याची पूजा तीच."

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. पुनःपूजा झाली, सहानाने तांदळात बोटाने अक्षरं काढली, निम्मे तांदूळ फरशीवर सांडले. कीर्तीने दूध उतरवलं, गॅस बंद केला, आणि जुन्या फोनवर चौकट आली. 'आज रात्री' आणि 'नंतर'. तिने बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. मग 'नंतर' दाबलं.

रात्री जेवताना गिरिधर सांगू लागला की दिवाळीनंतर येणाऱ्या फोनचे नवे फोटो बाहेर आले आहेत आणि कडा अखेर सपाटच निघाल्या, वेंकट हरला.

"गुलाबी आहे?" सहानाने विचारलं.

"आहे."

कीर्तीने त्याच्या पानात वरण वाढलं आणि पळी भांड्यात ठेवून समोर बसली.

"कडा राहू देत," ती म्हणाली. "ते झोपवण्याचं काय म्हणतात, ते सांग. पहिल्यापासून."