बाळासोंची हाक

राधानगरीच्या अभयारण्याच्या कडेला एक जुना किंजळ आहे. त्याच्या खोडातल्या ढोलीत दर उन्हाळ्यात राखी धनेशाची जोडी घर करते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी कोल्हापुरातली थोडी मुलं घेऊन ते घरटं बघायला जातो. मादी ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पिलं मोठी होईपर्यंत ती आत. तिची पिसं झडलेली असतात, त्यामुळे उडायचं म्हटलं तरी जमत नाही. नर जे आणून देईल त्यावर सगळं घर जगतं. हे सांगून झालं की कुणीतरी विचारतंच, नर आला नाही तर? मी सांगत असे, येतो.

यंदा एप्रिलात गेलो. करवंदीच्या जाळीमागं मुलांना बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. रानात आधी ऐकायचं, बघायचं मागाहून. मुलं शांत झाली. कुठेतरी तांबट पक्षी ठोके देत होता. तेवढ्यात अगदी जवळून एक म्हातारा माणूस ओरडला.

"हाऽऽ! ए, निघ! निघ हितनं!"

मुलं दचकली. पलीकडे काजूची बाग आहे, कुणी वानरं हाकलत असेल, असं मी सांगितलं. थोड्या वेळानं तो पुन्हा ओरडला. मग पुन्हा. मुलं आता त्याची नक्कल करून हसायला लागली होती. संघप्रिया तेवढी हसत नव्हती. सातवीतली मुलगी, आमच्यात सर्वांत तिखट कानांची.

ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, हा माणूस दर वेळी एकाच जागी श्वास घेतोय."

मी ऐकलं. खरंच होतं ते. मुलांचं हसूही हळूहळू बंद झालं. भुतंबितं काही नसतात हे मी त्यांना वर्षभर सांगत आलो आहे, आणि भर दहाच्या उन्हात ती एकमेकांना चिकटून बसली होती.

मग त्यांना घेऊन मी सरळ बागेत गेलो. न कळलेल्या गोष्टीच्या जवळ जाऊन बघावं, एवढंच मला शिकवता येतं. बागेच्या टोकाच्या झाडावर, रानाकडे तोंड करून, भाजीवाले गाडीवर लावतात तसला बॅटरीवरचा भोंगा टांगलेला होता. खाली आक्काताई बोंडांपासून काजूबिया पिळून वेगळ्या करत बसल्या होत्या. आमची जुनी ओळख. त्यांनी मुलांना बोंडं खायला दिली, घसा धरेल म्हणून बजावलंही.

"आज्जी, कोण ओरडतंय?" एकानं विचारलं.

"आमचं मालक."

"कुठं आहेत?"

"न्हाईत की. दिवाळीत गेलं."

बाळासो गेल्याचं मला माहीत नव्हतं. त्या सांगत होत्या आणि हात चालूच होते. शिरोलीच्या फाउंड्रीत असलेल्या मुलानं गेल्या उन्हाळ्यात भोंगा आणून दिला होता. बाळासोंनी त्यात ओरडायचं आणि आक्काताईंनी बटण दाबून धरायचं, असा तो आवाज त्यात भरला होता. यंदा काजू पिकल्यावर त्यांनी तोच भोंगा, बाळासोंनी टांगला होता त्याच फांदीवर, पुन्हा लावला.

आम्ही अगदी खाली उभे असतानाच तो वाजला. जवळून ऐकल्यावर ओरडण्याच्या मागचं एक वाक्य कळलं, जे लांबून ऐकू येत नव्हतं. खाकरून, हळू आवाजात बाळासो विचारत होते, "झालं का गं?"

आक्काताईंचा हात थांबला. भोंगा गप्प झाल्यावर पुन्हा बिया पिळायला लागला. एका मुलानं हातातलं बोंड नकळत खाली ठेवलं होतं.

आम्ही जाळीमागं परत आलो. नर आला. चोचीत लाल उंबर धरून तो पलीकडच्या ऐनाच्या झाडावर बसला, मान तिरकी करून इकडेतिकडे बघितलं, पंख सैल केले. "हाऽऽ!" झालं. उंबर खाली पडलं आणि तो दरीकडे निघून गेला. फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलेलं होतं. ते तसंच राहिलं. पुढच्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला तो ऐनापर्यंतही आला नाही. मादी फटीतूनच विष्ठा बाहेर टाकते, पण खालच्या खोडावर ती ताजी दिसत नव्हती, म्हणजे हे आजचं नव्हतं. आत मादी उपाशी होती, आणि पिलं असतील तर तीही.

वनरक्षकाला सांगितलं असतं तर त्यानं भोंगा उतरवला असता. मला तसं नको होतं. मी आक्काताईंकडे गेलो आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"वानरं रानातनंच येत्यात, सर. त्येचं तोंड तिकडंच पायजे."

मी म्हटलं, निदान चार झाडं मागं घेऊ या. त्या म्हणाल्या, त्येंनी टांगलाय तिथनं हलवायचा न्हाय. शेवटी मी म्हटलं की तो आवाज मी तुमच्या मोबाइलवर घेऊन देतो, मग घरी वाटेल तेव्हा ऐका.

"घरात लावून कुणाला हाकलू?" त्या म्हणाल्या. "हितं आवाज आला की माणूस बागंत हाय असं वाटतं. घरात न्हाय वाटायचं."

संघप्रिया माझ्यामागं उभी होती. तिनं गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्यापुढे धरली.

"आज्जी, एकदा चला. आम्ही कुणी काही बोलणार नाही."

आक्काताई पदराला हात पुसत उठल्या आणि आमच्याबरोबर जाळीमागं आल्या. दुर्बीण त्यांनी आधी उलटी धरली. संघप्रियानं ती फिरवून दिली, त्यांचं तोंड हलकेच किंजळाकडे वळवलं. बराच वेळ त्यांना नुसतं खोड दिसत होतं. मग त्यांचा श्वास बदलला. फट सापडली होती. चोच सापडली होती.

नर आला आणि ऐनावर बसला. मागून बाळासो ओरडले. तो उडाला.

आक्काताईंनी दुर्बीण खाली घेतली नाही. रिकाम्या फांदीकडेच बघत त्या हळूच म्हणाल्या, "त्येंनी कधी कुणाला ताटावरनं उठवलं न्हाय, सर."

दुर्बीण मुलीच्या हातात देऊन त्या गेल्या. आम्हाला त्या काजूखाली उभ्या दिसल्या. भोंग्याला हात पुरत होता, तरी त्यांनी बंद करायचं बटण लगेच दाबलं नाही. आणखी एकदा ओरडणं झालं, त्यामागचं वाक्यही झालं असणार. मग हात वर गेला.

रान एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मुलं श्वास रोखून बसली. नर परत आला, ऐनावर बसला आणि आता ओरडणं येणार त्याच वेळेला अंग चोरून फांदीला चिकटला. कुणी ओरडलं नाही. आमच्यापैकी प्रत्येकानं मात्र मान आत ओढून घेतली होती, मीही. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो फटीशी झेपावला आणि घशातून एकामागून एक उंबरं बाहेर काढून आतल्या चोचीत देत राहिला.

हे बघायला मी आक्काताईंना हाक मारणार होतो. त्या पाठमोऱ्या होत्या. आवाज थांबल्याचं वानरांनाही कळलं होतं आणि चार-पाच वानरं कुंपणावरून बागेत उतरली होती. आक्काताई त्यांच्या अंगावर धावल्या. पदर सोडून दोन्ही हातांनी हवेत फिरवत त्या एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे पळत होत्या, आणि तोंडातून आवाज काढत नव्हत्या.

मुलं माझ्याकडे बघायला लागली. संघप्रियानं चपला काढून हातात घेतल्या, म्हणजे पाचोळा वाजायला नको, आणि बागेकडे निघाली. तिच्यामागून बाकीची.