ठिपक्यांमधला आकडा

डॉक्टरीणबाई पुस्तकाचे पान बोटाने उलटत नव्हत्या. त्यांच्या हातात एक कोरडा, मऊ कुंचला होता. त्याच्या दांड्याने त्या पानाची कड उचलत आणि केसांच्या टोकाने ठिपके दाखवत. मला ती पद्धत आवडली. बोटाला घाम असतो, थोडे तेल असते, आणि छापलेल्या रंगाला दोन्ही सोसत नाहीत. मी कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. गिऱ्हाईक एक चिंधी पाठवते आणि हुबेहूब तोच रंग हजारो मीटर कापडावर चढवायचा असतो. दोन रंग जुळले की नाही हे शेवटी मी सांगते. आम्हीही नमुने चिमट्यानेच उचलतो.

नवरा समोरच्या स्टुलावर बसला होता. मी भिंतीकडच्या खुर्चीत, मांडीवर आम्हा तिघांची कागदपत्रे घेऊन. परदेशात कुशल कामगार म्हणून जायचे तर ही तपासणी आधी. तो इलेक्ट्रिशियन; त्याच्या कामाला तिथे मागणी आहे. तो पुढे, मी आणि मुलगी त्याच्या मागे, असे ठरले होते. निदान घरात सगळे तसेच बोलत. बाहेर वजनकाट्यावर तो नर्सला म्हणाला होता, "घ्या वजन, पण परत करू नका." तिला हसू आवरेना. म्हणजे स्वारी खुशीत होती.

"हा आकडा?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"बारा."

पुढचे पान. हिरवट ठिपक्यांच्या गर्दीत मला नारिंगी आठ दिसत होता.

"तीन," नवरा म्हणाला.

मला वाटले, याची मस्करी सुरू झाली. मी डोळे वटारले. त्याचे लक्ष नव्हते. पुढच्या पानावर चौऱ्याहत्तर होते, मला वाचायला कष्टही पडले नाहीत.

"एकवीस."

तो अडखळला नाही. आपल्याला जे दिसते ते सांगणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. त्याच्या पुढच्या पानाकडे त्याने बराच वेळ पाहिले, मान तिरकी केली, आणि म्हणाला, "यात काही नाहीये. नुसतेच ठिपके."

त्यात पंचेचाळीस होते.

डॉक्टरीणबाईंनी पुस्तक मिटले. "काम काय करता?"

"इलेक्ट्रिशियन. कारखान्यात. कंट्रोल पॅनेल जोडतो."

त्यांनी कुंचला टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले, जणू मी काहीतरी बोलावे. मांडीवरची फाइल घसरून खाली पडली आणि तिघांचे फोटो फरशीवर पसरले.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठले.

"मस्करी होती ना?"

"नाही."

"लाल-हिरवं दिसत नाही तुला?"

"दिसतं. वेगळं दिसत नाही." तो खिशात स्कूटरची किल्ली शोधत होता. "डावीकडचं पान जरा जास्तच उकिरड्यासारखं होतं."

मी हसले नाही. तोही हसला नाही.

स्कूटरवर मागे बसून मी पहिल्यांदाच सिग्नलकडे नीट पाहिले. तांबडा दिवा लागला, तो थांबला. हिरवा लागला, तो निघाला. पुढच्या चौकातही तसेच.

"कसं कळतं?" मी त्याच्या कानाशी ओरडून विचारले.

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की जायचं. त्यात काय कळायचंय?"

मी त्याच्या कमरेभोवतीचा हात घट्ट केला. मला सिग्नलची भीती नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या पॅनेलमधल्या तारा होत्या. त्यांच्या कारखान्यात विजेची तार लाल आणि जमिनीत जाणारी अर्थिंगची हिरवी. लग्न झाल्यापासून रोज सकाळी डबा घेऊन हा माणूस त्या दोन तारांमध्ये हात घालायला जात होता आणि मी दारात उभी राहून "छत्री घेतलीस का" विचारत होते.

घरी सासूबाई मटार सोलत होत्या. नणंद, आम्ही तिला ताई म्हणतो, निकाल ऐकायला म्हणून येऊन बसली होती. आमची मुलगी चिमी शाळेत होती.

"झाले का साहेब पास?" ताईने विचारले.

"नापास," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. सांगायचे काम माझ्यावर आले. मी सांगितले. आठ आणि तीन, चौऱ्याहत्तर आणि एकवीस, आणि ते रिकामे पान.

ताई आधी हसली. "काय सांगतेस! म्हणजे इतकी वर्षं तू नटून-थटून याला दाखवत होतीस आणि हा..." मग तिला आणखी सुचले. "अगं, रंग ओळखण्याचा पगार घेतेस तू! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

ते खरे होते. भिंतींचा रंग निवडताना तो म्हणाला होता, "ते तुझं खातं." पडदे, मुलीचे कपडे, गाडीचा रंग, सगळे माझे खाते. ताईचा नवरा सोफ्याच्या कापडावरून आठवडाभर अबोला धरतो, म्हणून ती माझा हेवा करायची. बाईच्या शब्दाला मान देणारा नवरा, अशी त्याची नातेवाइकांत ख्याती होती. मीही ती मिरवत होते.

सासूबाईंचे हात थांबले नव्हते. शेंग उघडायची, दाणे वाटीत, साल बाजूला.

"डॉक्टरला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "त्याच्या मामाचंही तसंच होतं. नव्वदीपर्यंत जगला, काही अडलं नाही त्याचं."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"आईला नाही तर कुणाला माहीत असणार? लहानपणी बाजारातून टोमॅटो आणायला पाठवलं की कच्चे घेऊन यायचा. मीच शिकवलं, रंग बघू नकोस, दाबून बघ."

"मग लग्नाआधी सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? मुलगा लंगडा नाही, मुका नाही, व्यसनी नाही. त्यात तू रंगाच्या कारखान्यातली. म्हटलं, एकाला कमी दिसतं, दुसरीला जास्त दिसतं. जोडा जमला." त्यांनी वाटी हलवून दाणे सारखे केले. "आणि जमलाच की."

नवरा टॉवेलने तोंड पुसत दारात आला होता. त्याला आईचे बोलणे ऐकू गेले होते. या घरातल्या तिघा मोठ्यांपैकी दोघांना ठाऊक होते आणि तिसरी मी होते.

तेवढ्यात परदेशी जाण्याची कागदपत्रे करणाऱ्या एजंटचा फोन आला. आम्ही कळवण्याआधीच दवाखान्यातून बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. नवऱ्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"साहेब, टेन्शन घेऊ नका," एजंट म्हणाला. "आकाश कोसळलेलं नाही. ती पानं सगळीकडे सारखीच असतात, क्रमही तोच. लोक पाठ करतात. दुसऱ्या दवाखान्यात वेळ घेऊन देतो. आणि तुमच्या घरात तर वहिनीच रंगातल्या! त्या शिकवतील. काय वहिनी?"

"घरातच मास्तरीण!" ताई म्हणाली. "पाढ्यांसारखं घोकून घे रे. पान पहिलं, बारा. पान दुसरं, आठ."

"पाठांतर त्याचं लहानपणापासून चांगलं," सासूबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. "शिकवशील?"

मी कामाच्या पिशवीतून कापडाच्या नमुन्यांची जुडी काढली आणि त्याला खिडकीशी बोलावले. मला आधी मोजायचे होते. जे मोजले नाही त्यावर मत देण्याची मला सवय नाही. ऊन उतरायला वेळ होता, उजेड चांगला होता. मी गडद हिरवी पट्टी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. शेजारी विटकरी.

"यात फरक?"

"ही जरा उजळ आहे."

"रंगात?"

"सारख्याच."

मग मी निळी आणि पिवळी ठेवली. त्या त्याने चटकन वेगळ्या केल्या. पुन्हा तांबडी आणि शेवाळी. सारख्याच. गुलाबी आणि राखाडी. यावेळी तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तू सांगशील ते." हे वाक्य मी त्याच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले होते आणि प्रत्येक वेळी मला ते प्रेमाचे वाटले होते.

"मग काम कसं करतोस?" माझा आवाज चढला होता. "लाल कुठली, हिरवी कुठली, कसं ठरवतोस?"

"ठरवतच नाही." कामाबद्दल बोलताना तो नेहमी सावकाश होतो, तसा झाला. "टेस्टर लावल्याशिवाय मी कुठल्याच तारेला हात लावत नाही. मग तिच्या दोन्ही टोकांना नंबराची नळी चढवतो. माझ्या पॅनेलमध्ये नंबर नसलेली तार सापडायची नाही. साहेब पाहुण्यांना माझीच पॅनेलं दाखवतात. बाकीचे रंगावर विश्वास ठेवतात, आणि रंग कुणीतरी आधीच चुकीचा लावून ठेवलेला असतो. झटके त्यांना बसतात. मला कधी बसलाय?"

खरेच, कधी बसला नव्हता.

"आणि तिथे? अंधारात, दुसऱ्याने जोडलेल्या पॅनेलपुढे, मुकादम ओरडतोय, हिरवी ओढ, हिरवी ओढ. तेव्हा?"

तो पट्ट्या गोळा करू लागला. कुठली कुठे जाते हे न कळल्याने त्याने त्या तशाच एकावर एक रचल्या.

"म्हणूनच जाणं लांबवत होतो," तो हळू म्हणाला. "आईचा गुडघा, माझा पासपोर्ट, चिमीची परीक्षा. सगळं त्यासाठीच. तुला वाटायचं मी आळशी आहे. म्हटलं, आळशी बरा."

ताई आमच्या मागे येऊन उभी होती. "अगं, पण हे असतं कशामुळे?"

"जन्मजात," मी म्हणाले. हा धडा मी विद्यार्थी असताना परीक्षेत लिहिला होता, आकृतीसह. "आईकडून मुलाला येतं. आईला स्वतःला दिसतं सगळं, पण ती वाहून नेते. आईंकडून याला आलं. याच्याकडून चिमीकडे गेलंच असणार; तिला त्रास नाही, पण तिच्या मुलांना होऊ शकतो." आणि बोलता बोलता पुढचे पाऊल माझ्या आधी ताईनेच टाकले.

"म्हणजे आईकडून मलाही आलं असेल?"

"आलं असेल. नसेलही. निम्मी शक्यता."

तिने पदर तोंडाशी धरला. "आमचा धाकटा झाडाची पानं तपकिरी रंगवतो. बाई म्हणाल्या, लक्ष नसतं. मी त्याला..." तिने वाक्य पुरे केले नाही. मघाची मास्तरीण, पाढे, सगळे विरून गेले. "त्याला तर पायलट व्हायचंय गं."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पोरीकडे पाहताना त्यांचा चेहरा असा झाला की मघा आलेला माझा राग कुठे ठेवावा मला कळेना.

"मी मुद्दाम दिलं का गं," त्या म्हणाल्या.

"नाही, आई. कुणीच मुद्दाम देत नाही."

नवरा पलंगाच्या कडेला बसला. "मग काय, रद्द करायचं सगळं? चिमीने वर्गात सांगून ठेवलंय. तू पण नोकरीवर सांगितलंस. की पाठ करू? होतील माझी पानं पाठ. एक दिवस पुरे." त्याने मान वर केली. "तू म्हणशील ते."

तिसरा मार्ग मला माहीत होता आणि त्यालाही. पहिल्याच भेटीत एजंट म्हणाला होता की कापडाच्या रंगाचे काम करणारेही त्या देशाला हवे आहेत आणि व्हिसासाठी मोजतात ते गुण पाहिले तर माझे नवऱ्यापेक्षा जास्त भरतात. तेव्हा सगळे हसले होते. "मग मी डबा भरून देईन हिला," असे नवरा म्हणाला होता, आणि सासूबाईंनी विषय बदलला होता. मीही हसून "बघू" म्हटले होते. त्यानंतर जेव्हा जेव्हा एजंटने विचारले, तेव्हा तेव्हा माझे तेच, "बघू." त्यामागे लाज नव्हती. भीती होती. नेणारा तो असता तर तिथली थंडी, तिथली लहान खोली, मुलीचे एकटेपण, सगळ्याचे खापर त्याच्या डोक्यावर फुटले असते आणि मी समजूतदार बायको राहिले असते. नेणारी मी असते तर ते खापर माझे.

ताई डोळे पुसत होती. सासूबाई वाटीकडे पाहत होत्या. नवरा माझ्या तोंडाकडे पाहत होता, भिंतींचा रंग निवडताना पाहायचा तसाच, अगदी निमूट.

"एजंटला परत फोन लाव," मी म्हणाले.

त्याने फोन उचलला. "पुस्तक मागवू?"

"पुस्तक नको. तू तिथे वायरीला हात लावायचा नाहीस, दुसरं काहीही कर, आपण शोधू. त्याला सांग, अर्ज आता माझ्या नावाने जाईल. मी नेते तुम्हा दोघांना."