दादाचा बाण

दारात चपला मावत नव्हत्या. आत, माझ्या वारलेल्या भावाच्या खोलीत, दाटीवाटीने बसलेली माणसं श्वास रोखून एका जुन्या लॅपटॉपकडे बघत होती. त्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता, तरी पडद्यावरचा बाण सरकत होता. थांबायचा, थरथरायचा, पुन्हा सरकायचा.

“आले,” बाणबाबा डोळे मिटून म्हणाला. बाणावरूनच त्याला हे नाव पडलं होतं. “यात विंडोज नाही, लिनक्स आहे. लिनक्सला व्हायरस लागत नाही. मग हा बाण हलवतं कोण, सांगा.”

माना डोलल्या. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर तर हात जोडून बसले होते. आयुष्यभर लोकांच्या सह्या भिंगातून तपासल्या, आणि इथे डोळे असून आंधळे. मला शिसारी आली.

सोहळ्याची पद्धत ठरलेली होती. आत्म्याला ऊर्जा लागते म्हणून लॅपटॉप आधी तासभर चार्जरला लावून तापवायचा. मग बाबा स्वतःच्या हाताने कीबोर्डवरून पडद्यावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन शब्द लिहायचा आणि प्रश्न विचारायचा. बाण ज्या शब्दावर जाईल, तो दादाचा शब्द.

आजचा प्रश्न दादाच्या मुलीचा, माझ्या भाचीचा होता. तिला दूरच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि उद्यापर्यंत होकार कळवायचा होता. बाबाने डावीकडे ‘जा’ लिहिलं, उजवीकडे ‘राहा’. बाण अडखळत उजवीकडे गेला.

“वडिलांची आज्ञा झाली,” बाबा म्हणाला. “पोरीच्या अंगी वडिलांची वाचा उतरणार आहे. तिला माझ्या केंद्रात सेवेला पाठवा. रात्रीच्या बैठकांना असं माध्यम लागतं.”

वहिनीने पदर तोंडाला लावला. भाची माझ्याकडे बघत होती. त्या माणसाची नजर तिच्यावर फिरताना मी पाहिली, आणि माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी उठले.

“बाबा, तोच प्रश्न पुन्हा विचारू. फक्त शब्द मी लिहिते.”

“मृतात्म्याची परीक्षा घेता?”

“सख्ख्या भावाला दोनदा विचारलं तर तो काय रागावणार आहे?”

मी शब्दांची अदलाबदल केली. ‘राहा’ डावीकडे, ‘जा’ उजवीकडे. बाण निघाला, पुन्हा उजवीकडेच. ‘जा’वर जाऊन थरथरत राहिला.

खोलीत कुजबुज झाली. “अविश्वासी हात लागला,” बाबा म्हणाला. “आत्मा गोंधळला.”

“उजवं-डावं माझ्या दादाला कळत होतं. तो नकाशे काढायचा.”

मी शाळेत संगणक शिकवते. लिनक्समध्ये एक बरं आहे, हालचाल कुठून येते ते यंत्रालाच विचारता येतं. मी पडद्यावर आज्ञांची काळी खिडकी उघडून तशी आज्ञा लिहिली. बाण हलेल तशी ओळीमागून ओळ उमटू लागली.

“साहेब, तुम्हीच वाचा,” मी मॅनेजरांना म्हटलं.

त्यांनी चष्मा सावरला. “टचपॅड,” ते म्हणाले. “पुन्हा टचपॅड. सगळीकडे टचपॅडच.”

मी टचपॅड, म्हणजे कीबोर्डखालची बोट फिरवायची पट्टी, बंद केलं. बाण जागीच थिजला.

“गेले,” बाबा म्हणाला.

मी चालू केलं. बाण चालू लागला. बंद केलं, थांबला.

“माझा भाऊ काय पंखा आहे, बटणावर चालायला?”

कोणीतरी खुदकन हसलं. मी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, उलटा करून स्क्रू सोडवले. झाकण उचलताच पुढची मंडळी मागे सरली. बॅटरी टम्म फुगली होती. चार्ज होताना ती तापायची, आणखी फुगायची आणि वरच्या टचपॅडला खालून रेटायची. टचपॅडला वाटायचं, बोट फिरतंय. रेटा एकाच बाजूला, म्हणून बाण उजवीकडे. बाबाला कारण कळलं नसेल, पण बाणाची खोड त्याने हेरली होती आणि स्वतःला हवा तो शब्द तो तिथेच लिहीत होता.

बॅटरी अलगद सोडवून मी गॅलरीतल्या वाळूच्या बादलीत ठेवली. मग नुसत्या चार्जरवर लॅपटॉप सुरू केला, टचपॅडही चालू ठेवलं. सगळे बघत राहिले. बाण जिथल्या तिथे.

बाबा ‘नास्तिकांच्या घरात’ असं काहीतरी पुटपुटत चपला शोधायला गेला. त्या गर्दीत त्याला स्वतःच्या सापडेनात.

“ताई, ती बॅटरी पेटली असती का?” वहिनीने हळूच विचारलं.

“पेटू शकते.”

“बाबा म्हणाले, लॅपटॉप रात्रभर चार्जरला ठेवा, यजमान सोबत राहतील. मी उशाशी घेऊन झोपत होते. पोर शेजारी असायची.”

मला त्या माणसाचा आला नसेल इतका संताप त्या खोलीचा आला. ही सगळी शिकलेली माणसं. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करायचं असतं, एवढी साधी गोष्ट एकालाही सुचली नाही, कारण समोर एक बाई रडत होती आणि तमाशा फुकट होता. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: बाण कुठे गेला ते राहू द्या, शब्द तिथे कोणी लिहिले?

माणसं एकेक करून निघाली. वहिनी बराच वेळ त्या स्थिर बाणाकडे बघत बसली. मग तिने लॅपटॉप भाचीपुढे सरकवला.

“होकार कळव,” ती म्हणाली. “तुझ्या हाताने.”