एक चूक कळवावी

त्या पत्राला सरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि हे त्यांना चहाच्या प्रत्येक कपाबरोबर आठवायचं. कप तोंडाला लावला की नजर टेबलाच्या खणाकडे जायची. खणाकडे गेली की चहा बेचव लागायचा, आणि मग कप तसाच ठेवून ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागायचे.

"तो चहा काय कुंडीत ओतायला केलाय का मी?" काकू म्हणायच्या. काकू म्हणजे सरांची बायको. विद्यार्थी त्यांना काकू म्हणत, तेच नाव सगळीकडे रुळलं होतं. सगळा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून काढल्यामुळे रेंगाळणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी राग होता.

पत्र एका मोजणी कंपनीचं होतं. रस्ता, पूल, बोगदा काहीही बांधायच्या आधी ही माणसं जाऊन जमीन मोजून देत. दर उन्हाळ्यात ती कंपनी विद्यापीठातून एकाच विद्यार्थ्याला इंटर्न म्हणून घ्यायची, आणि तिथे उन्हाळा काढलेल्याला पुढे नोकरीसाठी वणवण करावी लागत नाही असा लौकिक होता. मालक स्वतः जुना मोजणीदार. शिफारसपत्रांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून उमेदवाराने ज्या शिक्षकाचं नाव दिलं असेल त्याला तो एकच मजकूर पाठवायचा: स्तुती नको. या विद्यार्थ्याची आपण स्वतः पाहिलेली एक चूक कळवावी, आणि त्यानंतर तो कसा वागला तेही. उत्तर हाताने लिहून टपालाने पाठवावं. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात पुस्ती जोडली होती, 'टाइप करताना माणूस फार गुळगुळीत होतो.'

सरांचं नाव दिलं होतं ते तिवईने. मोजणीची दुर्बीण ज्या तीन पायांच्या घोडीवर बसवतात ती तिवई. ती खांद्यावर टाकून उन्हातान्हात पुढे चालणाऱ्या या उंच, काटकुळ्या मुलीला वर्गाने तेच नाव ठेवलं होतं. सर निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या तुकडीतली ती. तिची एक चूक सरांनी खरोखर पाहिली होती, चांगली ठसठशीत. तिथेच तर सगळं अडलं होतं.

खरं लिहावं, तर मुलीच्या पायावर धोंडा. काहीतरी गोड लिहावं, 'ती फार कष्ट घेते' वगैरे, तर त्या माणसाच्या तोंडाला पानं पुसल्यासारखं. सरांनी दोन्ही प्रकारचे मसुदे केले होते आणि फाडले होते. त्यातही त्यांना मधूनच शंका यायची, की एवढा विचार करण्याइतकं आपल्या शब्दाला वजन तरी आहे का? जन्मभर वर्गात फळ्याकडे तोंड करून बोललेला माणूस मी. मला कोण विचारतो?

"कोण विचारतो काय? त्यानेच विचारलंय ना?" काकू म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत पोचायला हवं. आज सोमवार आहे. पत्राला पाय फुटत नाहीत."

"लिहितो गं."

"तुम्ही लिहिता, मी कचरा काढते."

दुपारी दाराची घंटा वाजली आणि दारात तिवईच उभी. सरांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. तिला वाटलं, आपण अवेळी आलो.

"सर, झोपला होतात का? मी नंतर येते."

"ते कुठले झोपतात," काकू आतून म्हणाल्या. "ये तू. फरशी झिजवायचं काम चाललंय त्यांचं."

तिवई खुर्चीच्या टोकावर बसली. एक पाय सारखा हलत होता. वर्गातल्या बहुतेकांना उन्हाळ्याचं काम मिळालं होतं. तिने कितीतरी ठिकाणी अर्ज केले होते. काहींकडून नकार आला, बाकीच्यांकडून नकारसुद्धा नाही. खोलीतली मैत्रीण एका बँकेत चिकटली होती आणि रोज संध्याकाळी नवे बूट घालून खोलीतल्या खोलीत चालून बघायची.

"टकटक टकटक. माझं डोकं उठतं, सर. मोजणी कंपनीची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. तेवढी एकच उरलीय. तुम्ही माझी खोटी मुलाखत घ्याल का? म्हणजे सराव. सगळे करतात."

"मी? अगं, मला माझीच मुलाखत धड देता आली नव्हती."

"मी प्रश्न लिहून आणलेत. तुम्ही फक्त वाचायचे. आणि जरा रागीट दिसायचं."

रागीट दिसणं सरांना जमेना. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर आणून पाहिला. आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. मग त्यांनी कागद समोर धरला आणि वाचलं, "तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?"

तिवई ताठ बसली. पाय थांबला. आवाज निराळाच झाला, रेल्वेस्थानकावरच्या सूचनेसारखा. "माझा दोष असा, की मी कोणतंही काम शंभर टक्के अचूक झाल्याशिवाय सोडत नाही. त्यामुळे कधीकधी मला वेळेचं भान राहत नाही."

"हा दोष आहे?" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मग मला दे थोडा."

"काकू, असंच सांगायचं असतं. एका व्हिडिओत सांगितलंय. दोष सांगायचा, पण आतून गुण निघाला पाहिजे."

सरांनी पुढचा प्रश्न वाचलाच नाही. कागद खाली ठेवला. इतके दिवस घशात अडकलेलं एकदम बाहेर पडलं. "आणि ते डांबर?"

तिवईचा चेहरा उतरला. 

"ते मी गाळलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "ते तर मी कुणालाच सांगत नाही."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सरांनी खण उघडला आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा वाचलं. मग दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलं, जणू ते उडून जाईल.

"तुम्ही हे लिहिणार?"

"मला कळत नाहीये गं. म्हणून तर—"

"मी उशिरा यायची असं लिहा."

"तू कधीच उशिरा आली नाहीस."

"माझं अक्षर वाईट आहे लिहा."

"ती चूक नाही, ती देवाची करणी आहे," काकू म्हणाल्या, पण कुणी हसलं नाही.

"सर, एकच जागा आहे. बाकीच्यांचे शिक्षक काय लिहिणार? पेन विसरला, टोपी विसरला. आणि माझ्याबद्दल हे? मला घेतील तरी का?" ती उठली. पर्स खांद्याला लावताना तिचा हात चुकला, पट्टा खाली घसरला. "तुमच्यामुळे माझे मित्र गेले, सर. तुम्हाला माहीत नसेल. आता हेही जाऊ दे म्हणता का?"

ती गेली. काकूंनी तिच्यासाठी टाकलेला चहा तसाच राहिला. या वेळी काकूंनी कपाबद्दल चकार शब्द काढला नाही.

डांबराची गोष्ट अशी होती. सरांच्या शेवटच्या वर्षी उन्हाळी मोजणीला सहा जणांच्या गटाला विद्यापीठामागच्या टेकडीला फेरी घालायची होती. ज्याची उंची ठाऊक आहे अशा एका दगडापासून निघायचं, टप्प्याटप्प्याने उंचसखल मोजत जायचं, आणि फिरून त्याच दगडाशी यायचं. मोजणी बरोबर असेल तर दगडाची उंची निघताना होती तेवढीच यायला हवी. या गटाची आली नाही, वीतभर चुकली. मोजणीत बोटभर चूक म्हणजे कपाळाला हात, इथे वीत. गटाची प्रमुख तिवई. कडेची माती भुसभुशीत आणि काटेरी म्हणून दुर्बीण भर दुपारी डांबरी रस्त्यावर लावायचं तिनेच ठरवलं होतं. ऊन मी म्हणत होतं. डांबर मऊ झालं, घोडीचे टोकदार पाय पहिला आकडा वाचून दुसरा वाचेपर्यंत नकळत खाली रुतत गेले, आणि प्रत्येक थांब्यावर तेच. सगळ्या चुका एकाच बाजूला साठल्या.

हे त्या संध्याकाळी कुणाला कळलं नव्हतं. गटाने आकडे थोडे इकडचे तिकडे करून हिशेब जुळवला होता. प्रत्येक वर्षी कुणी ना कुणी जुळवतंच. सकाळी वही द्यायची, तेवढ्यात तिवई धावत आली, डांबराचं आणि जुळवाजुळवीचं सांगून टाकलं आणि म्हणाली, मोजणी पुन्हा करू द्या. सरांनी नियमाप्रमाणे करू दिली, आणि नियमाप्रमाणेच उशिराचे गुण कापले. सगळ्यांचे. त्यानंतर काय झालं ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. परीक्षा झाली, सर निवृत्त झाले, पुस्तकांत डोकं घालून बसले.

"त्या पोरांनी तिला वाळीत टाकलं असणार," काकू म्हणाल्या. "गुण गेले की मैत्रीचं काय उरतं?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण कशाला सांगेल? तुम्ही सदानकदा पुस्तकाआड."

सरांना ते लागलं. त्यांनी रात्रभर कूस बदलली आणि सकाळी उठून, तोंडही न धुता, एकटाकी पत्र लिहून काढलं. डांबर लिहिलं. वीतभर चूक लिहिली. आकडे जुळवल्याचं लिहिलं. मग लिहिलं, की आपण मोजणीत कुठे चुकलो ही रुखरुख या मुलीला स्वस्थ बसू देईना, म्हणून ती भल्या पहाटे एकटी टेकडीवर गेली आणि तिने चुकीचं मूळ शोधून काढलं. गुण सर्वांचे कापले गेले, ते मी कापले, आणि त्याची किंमत तिला एकटीला मोजावी लागली, हेही लिहिलं. पाकीट केलं, तिकीट लावलं. पण चिकटवलं नाही.

टपालपेटीपर्यंत ते गेले आणि परत आले. पुन्हा गेले. पेटीच्या पोटावर पत्रं काढण्याची वेळ लिहिली होती ती वाचली, जणू पहिल्यांदाच वाचत होते. मग तिथून घराकडे न वळता विद्यापीठाची वाट धरली.

तिवई ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर आणखी कुठला तरी अर्ज. सरांना पाहून ती उठली नाही, पण सरकली.

"पाठवलंत?"

"नाही. तू वाच आधी. तू नको म्हणालीस तर फाडून टाकतो. दुसरं काही लिहिणार नाही, तेवढंच."

"म्हणजे काहीच पाठवणार नाही?"

"खोटं मला साधत नाही गं. पकडला जातो."

तिने पत्र उघडलं. सर समोरच्या झाडाकडे बघत बसले. झाडात बघण्यासारखं काही नव्हतं. आत कुणीतरी खुर्ची ओढली, कुणीतरी खोकलं. सरांना वाटलं, उठून जावं. तिने वाचावं आणि आपण इथे नसावं.

"हे चुकलंय," तिवई म्हणाली.

"कुठलं?"

"हे, रुखरुख वगैरे. मला कसली रुखरुख, सर? मी ढाराढूर झोपले होते. सकाळी मी गेले ते पाण्याची बाटली विसरली होती म्हणून. चांगली होती, आईने दिलेली. ती रस्त्याच्या कडेला सापडली, आणि शेजारीच डांबरात तीन भोकं दिसली. माझं अख्खं बोट आत गेलं. मग लक्षात आलं."

"असं होय?" सर गोंधळले. "मग मी ते वाक्य गाळू का? म्हणजे, ते तुझ्या बाजूचं होतं..."

"गाळू नका. बाटली लिहा."

"अगं, पण मग तू शोधून काढलंस असं राहत नाही."

"मी काढलंच नाही शोधून. दिसलं." तिने सरांच्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं. "आणि हे बघा, आकडे 'गटाने' जुळवले लिहिलंय. मीच सांगितलं होतं जुळवायला. मी प्रमुख होते ना. सगळे घरी जायची घाई करत होते, मीही दमले होते."

सरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पाय हलत नव्हता. कपाळावर तीच आठी होती, दुर्बिणीला डोळा लावला की पडायची ती.

"हे पण लिहायचं?" त्यांनी विचारलं.

तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. लॅपटॉपचा पडदा काळा पडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"नाही लिहिलं तर बाकीच्या पाच जणांवर येतं," ती शेवटी म्हणाली. "ते माझ्याशी बोलत नाहीत, पण म्हणून काय..." मग तिने कागद पुढे सरकवला. "लिहा. तुमच्या अक्षरात लागेल ना."

सरांनी बाकावर वही टेकवून लिहिलं. दोन ओळी खोडल्या, समासात चार घातल्या. पत्र चांगलंच विद्रूप झालं. ते म्हणाले, घरी जाऊन स्वच्छ प्रत करतो. ती म्हणाली, घरी गेलात तर शुक्रवार उलटेल. सरांनी पत्र तसंच पाकिटात घातलं आणि दोघं फाटकाकडे निघाली.

"मुलाखतीत त्यांनी यावरच विचारलं तर?" चालता चालता तिने विचारलं.

"विचारतीलच."

"मग सगळं हेच सांगावं लागेल."

"हो."

"पाठ करायला नको, तेवढं एक बरं झालं." तिने दीर्घ श्वास घेतला. "पण सर, नाही घेतलं तर काय करू?"

एरवी सर अशा वेळी एखादं पुस्तक सुचवत. आज नुसतं म्हणाले, "तर माझ्याकडे ये. दोघं मिळून बसू आणि दुसरीकडे कुठे लिहायचं ते बघू. आणि हो, त्या पाच जणांना मी फोन करणार आहे. गुण मी कापले, तू नाहीस, हे मी सांगायला हवं."

"ते नका करू," ती म्हणाली. मग थोडं चालून, "बरं, करा. पण मी सांगितलं असं सांगू नका."

विद्यापीठाच्या फाटकाशी टपालपेटी होती. सरांनी पाकीट चिकटवलं, कोपरे दाबले, पत्ता वाचला, पुन्हा वाचला. मग ते फटीत सरकवलं, पण चिमटीतून सोडवेना. एका बाजूने पाकीट आत, एका बाजूने सर बाहेर. मागून एक बाई हातात लिफाफा घेऊन येऊन उभी राहिली होती. तिने घसा खाकरला.

"सर," तिवई म्हणाली, "सोडा."

त्यांनी सोडलं.