तपतीच्या वाढदिवसाचं पायेश

परितोष कुंडू निवृत्त झाला तेव्हा वीजमंडळाच्या ऑफिसातल्या लोकांनी त्याला एक शाल, एक छत्री आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. छंद मात्र कोणी दिला नाही. तो त्यानं महिन्याभरात स्वतःच शोधून काढला आणि त्याच्या बायकोच्या, तपतीच्या, स्वयंपाकघरावर संक्रांत आली.

आधी फोन उभा ठेवायचा एक स्टँड आला. मग गळ्यात अडकवायचा एप्रन आला. मग एक दिवस त्यानं इलिशच्या तुकड्यांवर चीज किसून घातलं. इलिशला मोहरी आणि हिरव्या मिरचीशिवाय काही लावायची सबंध चंदननगरात कोणाची छाती होत नाही. तपतीनं ताटातला तो मासा पाहिला आणि तिला माशाची दया आली.

रोजचा स्वयंपाक अर्थात तपतीच करायची. भात, डाळ, माशाचं कालवण, खसखशीतले बटाटे. त्यात परितोषला गोडी नव्हती, कारण डाळीला कोणी टाळ्या वाजवत नाही. त्याला प्रेक्षक लागत आणि प्रेक्षक मिळत ते वाढदिवसाला. कुंडूंच्या घरात कोणाचाही वाढदिवस असो, जेवण थोरल्या भावाकडे, ही पद्धत सासऱ्यांपासूनची. मागच्याच गल्लीत राहणारा धाकटा भाऊ मनतोष, त्याची बायको काकली आणि चुंचुड्याहून येणारी बहीण झरना, एवढी मंडळी ठरलेली. मनतोषच्या वाढदिवसाला परितोषनं परवरांत नूडल्स भरल्या. काकलीच्या वाढदिवसाला केळफुलाच्या कटलेटवर चॉकलेट ओतलं. झरनाच्या वाट्याला कॉफीत शिजवलेलं मटण आलं.

“दादा, तुझ्या हातात जादू आहे!” झरना डोळे मिटून म्हणाली होती आणि डोळे मिटल्या मिटल्या तो घास तिनं रुमालात उतरवला होता. समोर बसलेल्या तपतीला सगळं दिसत होतं.

“दादा, हॉटेल काढ तू,” मनतोष म्हणायचा. त्याच्या सदऱ्याच्या खिशात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असायची. काकली फोटो काढायची, चारी बाजूंनी काढायची, आणि मग तिला अचानक आठवायचं की आज तिचा उपास आहे.

परितोष मूर्ख आहे हे तपतीला लग्नानंतर लवकरच कळलं होतं आणि तिनं ते मनाला फारसं लावूनही घेतलं नव्हतं. मूर्ख माणसाबरोबर संसार करता येतो. पण ही बाकीची तिघं शहाणी होती, सगळं कळून खोटं बोलत होती आणि जाताना तिच्याच हातची डाळ डब्यात भरून घेऊन जात होती. त्यांच्याबद्दल तिला जे वाटायचं त्याला तिरस्कार हा शब्दही थोडा सभ्यच म्हणायचा.

या सगळ्या उद्योगांत एकच वाटी शाबूत राहिली होती, ती पायेशची. वाढदिवसाची ही तांदळाची खीर घरातल्या बाईनंच करायची असते, आई असली तर आईनं, म्हणून तिथे परितोषचा एप्रन पोचला नव्हता. ताटाभोवती काय वाटेल तो गोंधळ असो, वाढदिवसाचं माणूस आधी पायेश चाखतं आणि मग बाकीचे जेवतात. सासूबाई गेल्यापासून सगळ्यांचं पायेश तपतीच करत आली होती. नवऱ्याचं, दिराचं, जावेचं, नणंदेचं, बेंगळुरूला गेलेल्या मुलाचं. मुलाचं तर तो इथे नसतानाही करायची आणि शेजारी वाटून टाकायची.

आणि तिचं? तिचं पायेश माहेरून, शांतीपूरहून यायचं. तिचा वाढदिवस पौषात, खजुराच्या नव्या गुळाच्या दिवसांत. तिची आई पहाटे उठून करायची आणि भावाच्या हाती पाठवून द्यायची. दुपारपर्यंत ते थंड होऊन घट्ट झालेलं असायचं. तपती ते सगळ्यांना थोडं थोडं वाढायची आणि उरलेलं उभ्यानं, कपाटाआड, बोटानं पुसून खायची. दोन हिवाळ्यांपूर्वी आई गेली. त्या पौषात दिवस आला आणि गेला. संध्याकाळी परितोषला आठवण झाली, त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून पेस्ट्री आणली. पुढच्या वर्षी पेस्ट्रीही नाही आली. झरनानं फोनवर वहिनीला म्हटलं, “बौदी, या वयात आपले कसले वाढदिवस!” तपतीही हसून “तेच तर” म्हणाली होती. खरं म्हणजे तिला फोन आपटावासा वाटला होता. एक वाटी पायेश, दुसऱ्या कोणीतरी केलेलं, एवढीच तिची इच्छा होती आणि साठी जवळ आलेल्या बाईनं हे तोंडानं मागायचं म्हणजे तिला मरणाची लाज वाटत होती.

तर यंदा पौष लागला आणि परितोष सकाळच्या चहाला म्हणाला, “ऐकलंस का? तुझ्या वाढदिवसाला सगळ्यांना बोलावतोय. पायेश मी करणार.”

“तुम्ही?”

“का? पुरुषांनी करू नये असं कुठे लिहिलंय?”

तपतीनं चहाचा कप तोंडाला लावला. हा माणूस पायेशमध्ये काय काय घालेल याची यादी तिच्या डोळ्यांसमोरून सरकली. तरीही पोटात कुठेतरी एक लहान, बावळट आनंद हलला. तिला त्या आनंदाचा इतका राग आला की ती कप घेऊन उठूनच गेली.

वाढदिवसाच्या दिवशी तिला स्वयंपाकघरात पाय ठेवायची बंदी होती. परितोषनं नवी साडी आणली होती, जांभळी, तिला मुळीच न शोभणारी. ती नेसून ती बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखी बसली आणि आतून भांडी पडल्याचे आवाज ऐकत राहिली. थोड्या वेळानं तिला राहवलं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं ती दारापर्यंत गेली.

आत बघितलं तर तिला आश्चर्य वाटलं. चीज नव्हतं. कॉफी नव्हती. जाड बुडाच्या पातेल्यात दूध आटलं होतं, गोविंदभोग तांदूळ मऊ शिजला होता, तेजपत्त्याचा वास सुटला होता. परितोष पाठमोरा उभा होता, घामाघूम, फोनमधली बाई सांगेल तसा ढवळत होता. आणि पायेश चांगलं होत होतं! हे बघून तपतीला आनंद व्हायला हवा होता. झाला उलटाच प्रकार. आयुष्यभर जे तिनं केलं ते या माणसाला पहिल्याच फटक्यात जमणार, आणि झरना डोळे न मिटता म्हणणार, दादा, तुझ्या हातात जादू आहे.

तेवढ्यात परितोषनं गुळाची ढेप फोडली आणि खडे मुठीत घेतले. दूध रटरट उकळत होतं.

उकळत्या दुधात नवा गूळ पडला की दूध फाटतं. आच बंद करायची, पातेलं उतरवायचं, वाफ जरा बसू द्यायची आणि मग गूळ घालायचा. ही गोष्ट चंदननगरातल्या दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असते आणि साठीच्या पुरुषाला नसते. फोनमधल्या बाईनंही ते सांगितलं असणार, पण ती सांगत होती तेव्हा परितोष गूळ फोडण्यात मग्न होता.

‘अहो, थांबा.’ दोनच शब्द. ते तपतीच्या ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले, पाणी न पिताच मागे फिरली आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसली.

आतून लवकरच आवाज आला, “अरे! हे काय झालं?”  तपतीनं पदराची घडी सारखी केली. होऊ दे फजिती, ती मनाशी म्हणाली. आज त्या तिघांसमोर होऊ दे. पायेशपेक्षा तिला आता ती फजितीच गोड लागणार होती.

दुपारी मंडळी जमली. तपतीला पूर्वेकडे तोंड करून आसनावर बसवलं, समोर समई लावली, काशाच्या ताटात भात, पाच प्रकारचं तळण, रोहू माशाचं डोकं. काकलीनं शंख फुंकला. आशीर्वाद द्यायला घरात मोठं कोणी उरलं नव्हतं, म्हणून परितोषनंच तिच्या डोक्यावर साळीचे दाणे आणि दूर्वा ठेवल्या. मग त्यानं पायेशची वाटी ताटात ठेवली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर गेल्या.

पिवळट पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. तळाशी तांदूळ बसला होता.

खोलीत सगळ्यांना कळलं. वाढदिवसाचं पायेश फाटणं म्हणजे अपशकुन, तो तोंडातून काढायचा नसतो. मनतोषनं छताकडे पाहिलं. काकलीनं फोन काढला आणि परत पर्समध्ये टाकला. तपती वाट बघत होती. या क्षणासाठी तर तिनं ते दोन शब्द गिळले होते.

“अय्या!” झरना म्हणाली. “दादा, छेन्याचं पायेश केलंस?”

छेना म्हणजे मुद्दाम फाडलेल्या दुधाचं पनीर. परितोषचे डोळे लकाकले. बुडत्या माणसाला होडीच मिळाली.

“हो… म्हणजे, प्रयोगच आहे,” तो म्हणाला. “नेहमीचं काय, सगळेच करतात.”

“काय डोकं आहे बघा!” मनतोष म्हणाला. “छेना आणि तांदूळ एकत्र! हे कोणाला सुचलं असतं?”

“आणि रंग किती छान आलाय,” काकली म्हणाली.

 तपतीनं पायेश घालवलं होतं आणि फजितीही हुकली होती. ही माणसं नासक्या दुधालाही जादू म्हणत होती आणि हा बाबा मान डोलवत होता! तिनं चमचा भरून तोंडात घातला. आंबटगोड पाणी, रबरासारख्या गुठळ्या. तिनं चमचा ठेवला.

“फाटलंय,” ती म्हणाली.

तिनं वाटी पुढे सरकवली.

“हे छेन्याचं बिन्याचं काही नाही. उकळत्या दुधात गूळ घातलाय यांनी. मी दारातून बघत होते.”

“बौदी, आजच्या दिवशी असं अभद्र बोलू नये गं,” झरना घाबरून म्हणाली.

“अभद्र मी बोलतेय? रुमालात घास कोण बांधतं? खिशात गोळ्या घेऊन जेवायला कोण येतं? कोणाचा उपास फक्त आमच्याच दारात असतो? थुंकीसुद्धा वाया घालवायच्या लायकीचे नाही तुम्ही. आणि याला,” तिनं नवऱ्याकडे बोट केलं, “याला इतकंही कळत नाही की आपल्याला चढवतायत!”

‘याला’ ऐकून मनतोषनं खाली मान घातली. तपतीनं नवऱ्याला आजवर कधी एकेरीत आणलं नव्हतं.

झरनाला मात्र रुमाल फार झोंबला. “एवढं कळत होतं तर तूच करायचं होतंस ना पायेश! दादाला कशाला तोंडघशी पाडलंस?”

“माझ्या वाढदिवसाचं मीच करू? तू करतेस तुझं?”

“माझं तर तू करतेस,” झरना फटकन म्हणाली आणि मग तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

रस्त्यावरून एक सायकल रिक्षा भोंगा वाजवत गेली.  काकली ताटातल्या वांग्याच्या कापाकडे इतकी निरखून बघत होती की जणू त्यावर काही लिहिलं होतं.

“म्हणून तर मी केलं,” परितोष म्हणाला.

तो अजून उभाच होता. एप्रनवर दुधाचे डाग होते आणि आवाजात तो नेहमीचा तोरा नव्हता. “तुझी आई गेल्यापासून कोणी केलंच नाही ना. मागच्या वर्षी तू मुलाच्या वाढदिवसाला पायेश केलंस, आणि तो इथे नव्हताच. तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हणून ठरवलं की यंदा काही वेगळं घालायचं नाही. नेहमीसारखंच करायचं.” मग त्यानं विचारलं, “तू बघत होतीस तर सांगितलं का नाहीस?”

तपतीला उत्तर माहीत होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. तिनं आयुष्यभर त्याला तुच्छ लेखलं होतं आणि ते बहुतेक योग्यच होतं. पण या घरातल्या एकाच माणसाला तिची आई आठवली होती, आणि तो हा होता. इतक्या माणसांत हाच. तिला रडू आलं नाही, चीड आली. निदान आठवण ठेवणारी झरना तरी असती, म्हणजे मान ठेवून आभार मानता आले असते.

“खूप वाईट झालंय का?” त्यानं विचारलं.

“चाखून बघा.”

त्यानं वाकून तिच्याच वाटीतला एक चमचा घेतला. स्वतःचा पदार्थ तो एरवी कधी पहिला चाखत नसे, लोकांची तोंडं बघत बसे. त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं कसंबसं गिळलं.

“नको खाऊस हे,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी करतो चांगलं. पुढच्या वर्षी बघ, थोडं केशर, वरून संत्र्याच्या पाकळ्या आणि मधे एक थर…”

“साधं,” तपती म्हणाली. “दूध, तांदूळ, गूळ. गॅस बंद करून गूळ. मला साधं पायेश हवंय.”

हे तिनं सगळ्यांसमोर, मोठ्यानं मागितलं होतं. लाज वाटायची ती वाटलीच, पण बोलून झालं होतं.

“एवढंच?” परितोषचा चेहरा पडला.

“एवढंच,” ती म्हणाली. “आता बसा जेवायला, भात गार होतोय.”