चिंचेचा लाल

सन एकोणीसशे सत्तावन्नच्या चैत्रात, बोरी अरबजवळच्या एका वस्तीत, कौसल्येने साबणासाठी लाल तेलाच्या घमेल्यात कास्टिकचं पाणी सोडलं आणि लाकडी पळीने ढवळायला घेतलं. तेल दाटू लागलं तसा त्याचा लाल रंग जांभळा झाला, आणि जांभळ्याचा निळा. तिचा हात थांबला. मग ती पुन्हा जोरजोरात ढवळू लागली, जणू आलेला रंग ढवळून परत जाणार होता. तो आणखीच गडद झाला.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "इकडे या. दार लोटून या."

रुखमाबाई, तिची सासू, आत आली. तिने आधी घमेल्यात पाहिलं, मग कुडाच्या फटीतून बाहेर.

"हे काय केलं वं?"

"रतनजोतच टाकली, डोक्याच्या तेलात टाकतेत ते. तेल तं लालभडक झालतं."

"मंग आता?"

पळसाच्या फुलांनी तिचा साबण पिवळा होई, कडुनिंबाच्या पाल्याने हिरवट. रतनजोतीची मुळी तिने पहिल्यांदाच वापरली होती.

आदल्या दसऱ्याला तिचा नवरा उकंडा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पाठोपाठ सारी वस्ती बौद्ध झाली, आणि गावाने त्यांना शेतात बोलावणं बंद केलं. उकंडा मारेगावकडच्या जंगलात लाकूडतोडीला गेला. कौसल्या साबण करू लागली. तिच्या हातचा साबण गावात कुणी घेतला नसता, म्हणून तांड्यावरची लालीबाई तो आपलाच म्हणून बाजारात विकत असे.

त्यातच, वस्तीच्या तोंडाशी लावलेला निळा झेंडा कुणीतरी उपटून जाळला होता. जयंतीला पुन्हा लावाल तर घरंही जळतील, असा निरोप आला होता. निरोप गावातल्या बड्या शेतमालकाच्या, बापूजींच्या, ओसरीवरून आला होता, आणि घमेल्यातलं तेलही बापूजींच्याच घरचं होतं. वैशाखात त्यांच्या मुलीचं, बसंतीचं, लग्न होतं. नवरीसाठी लाल साबण करून दे म्हणून मोहाच्या बियांच्या तेलाचा डबा त्यांनी लालीबाईच्या हवाली केला होता.

"पुरून टाक," रुखमाबाई म्हणाली.

"नि तेल कुठं गेलं इचारलं तं काय सांगू?"

"मंग आपल्याच हातानं घर पेटव. मी तवाच म्हनलं होतं उकंड्याले, जे हाय ते बरं हाय. माह्यं कोन आयकते?"

वड्या पडल्या, सुकल्या. निळ्याच राहिल्या. कौसल्येने त्या कणगीमागे लपवल्या. बाहेर कुत्रं भुंकलं तरी सासू-सुना एकमेकींकडे पाहत. लालीबाई येऊन वड्या पाहून गेली, तीही न बसता.

मग एका सकाळी, कौसल्या वड्यांना वारा देत असताना, रुखमाबाई शेजारी चिंचेने पितळी लोटा घासत होती. चिंचेचं पाणी उडून एका वडीवर पडलं, आणि तिथे लाल ठिपका उमटला.

रुखमाबाईने उठून दार लावलं आणि मडक्यातली उरलेली चिंच भिजत घातली. दिवसभर दोघींनी एकेक वडी चोळली. वड्या लाल झाल्या. कौसल्येच्या नखांत मात्र निळं राहिलंच.

"पानी लागलं का हा लाल निंघन," ती म्हणाली.

"तवरक लगन लागून जाईन. घासत राय."

बाजाराच्या दिवशी लालीबाई टोपली घेऊन बसली. कौसल्या सरपणाची मोळी घेऊन दूर उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. बापूजी आले. त्यांनी वडी हातात घेतली, हुंगली. लालीबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांनी तिच्याच तांब्यातलं पाणी वडीवर ओतलं आणि अंगठ्याने घासलं.

अंगठ्याखाली निळं निघालं.

"लाले, हा निळा काहून?"

मोळीचा दोर कौसल्येच्या तळव्यात रुतला. तिला पळावंसं वाटलं, पण पळणारीच लगेच नजरेत आली असती.

"रतनजोत तशीच रायते, बापूजी. जरा नखरेल हाय."

"कोनाच्या घरून आनला? खरं सांग."

"माह्याच घरून. कोनाच्या घरून आनू?"

"हात दाखव. रंग करनाऱ्याच्या हातावर रंग रायते."

लालीबाईने त्या घमेल्याला कधी बोटही लावलं नव्हतं. तिने पांढऱ्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि दोन्ही हात पुढे केले. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत गोंदण होतं. ठिपके, वेली, विंचू, सगळं हिरवं-निळं, लहानपणी गोंदलेलं.

"पाहा," ती म्हणाली. "जनमाचे निळे हायेत. यातला साबनाचा कोनता, ते तुमीच बोट लावून सांगा."

शेजारचा पानवाला हसला. बापूजी हसले नाहीत. त्यांची नजर बाजारावरून फिरली, सरपणाच्या मोळीवर आली, कौसल्येच्या गुंडाळलेल्या पदरावर क्षणभर थांबली, आणि पुढे गेली.

"वऱ्हाडापुढं ठेवाले वरून लाल हाय ना?" ते म्हणाले. "मंग झालं."

ते टोपली उचलून घेऊन गेले. कौसल्येची मोळी त्या दिवशी विकली गेली नाही. कुणी दर विचारला तरी तिने हात पदराबाहेर काढले नाहीत.

जयंतीला वस्तीत झेंडा लागला नाही. पुरुष दारांशी बसून रस्त्याकडे पाहत होते. लेकरांनाही कुणी ओरडू देत नव्हतं. रुखमाबाई मात्र लुगडं खांद्यावर टाकून अडाण नदीवर निघाली. कौसल्या मागोमाग गेली.

खालच्या अंगाला, त्यांच्या ठरलेल्या दगडापाशी, म्हातारीने कमरेची चिंधी सोडली. आत चिंच न लावता तिने मागे ठेवलेली एक निळी वडी होती. तिने अंगाला साबण लावला, आणि वडी काळ्या दगडावर उघडी ठेवली. वरच्या घाटावरच्या, गावातल्या बायकांचं धुणं थांबलं.

कौसल्येने ओलं लुगडं वडीवर टाकलं. रुखमाबाईने ते काढलं.

"आत्याबाई, पाहून राह्यल्या त्या!"

"पाहू दे. न्हाऊन राह्यली मी. न्हायाले काय कोनाचा निरोप लागते?"

तिचे दात वाजत होते. चैत्रातलं पाणी काही गार नव्हतं.

त्या दिवशी वस्तीवर कुणी चालून आलं नाही. पुढे कितीतरी रात्री कौसल्या जागी राहिली, तेव्हाही नाही. उकंडा पावसाळ्याआधी परतला आणि नंतर यवतमाळला कापसाच्या एका जिनिंगमध्ये लागला. बसंती लग्न होऊन बाभुळगावला गेली. तिथून तिने लालीबाईला एकदा निरोप धाडला, तो आतून निळा निघणारा साबण आणखी असेल तर पाठव. बापूजींनी त्या साबणाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. लालीबाई काही वर्षांनी साबण कुणाच्या हातचा ते उघड सांगू लागली. काही गिऱ्हाइकं तुटली, काही राहिली. झेंडा तिसऱ्या वर्षी लागला.

रुखमाबाई ती वडी दर जयंतीला नदीवर नेई आणि वर्षभर चिंधीत बांधून ठेवी. चौसष्टच्या थंडीत ती गेली तेव्हा वडी झिजून चिंचोक्याएवढी उरली होती. बायकांनी अंगणात लुगड्यांचा आडोसा धरला. कौसल्येने सासूला शेवटचं न्हाऊ घातलं. तो निळा तुकडा मात्र तिने आडोशाबाहेरच्या दगडावर उघडाच ठेवला होता, आणि दर वेळी तिथूनच उचलून घेत होती.